उंबराखालची हळद

माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं की झाडाखाली दोनच गोष्टी नीट वाढतात, म्हातारे आणि म्हशी. मी तिसरी लावायला निघाले तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाय, तुना शालेत आता कोनी काम सांगत नाय क?"

शाळेत मला आता कोणी काम सांगत नव्हतं, हे खरंच होतं. त्याच वर्षी मी निवृत्त झालेली. कल्याणच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा, निळ्या खडूने नैऋत्येकडून बाण मारायचे, खाली लिहायचं 'जून ते सप्टेंबर', की झाला पाऊस शिकवून. माझे बाण भलतेच वक्तशीर. बाहेरचा पाऊस मात्र गेल्या काही वर्षांत पार बिघडलेला. यायचा तेव्हा यायचा नाही, आणि आम्ही दिवाळीचा आकाशकंदील टांगला की हा दारात हजर. भिजलेले कंदील मी दोन वर्षं गॅलरीत वाळवलेत.

कंदिलाचं एक वेळ ठीक आहे, फटका बसायचा सासऱ्यांच्या भाताला. टिटवाळ्याच्या पुढे त्यांची अर्ध्या एकराची जागा आहे. एवढीच उरलीय. आम्ही डोंबिवलीत ज्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहतो, ती इमारतसुद्धा त्यांच्याच खाचरावर उभी आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं राहून ते वॉचमनला दाखवतात, इथे खेकड्यांची बिळं होती, त्या लाल गाडीखाली मासे चढायचे. वॉचमन "जी बाबूजी" म्हणतो आणि गाड्यांचे नंबर लिहीत राहतो. सकाळ झाली की मात्र ते अंगात सदरा चढवून रिक्षा नाही तर कोणाची तरी स्कूटर पकडून टिटवाळ्याच्या त्या तुकड्यावर जातात, आणि दुपारी परत येतात तेव्हा त्यांच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

लागोपाठ दोन वर्षं कापलेलं भात शेतातच भिजलं आणि त्याला मोड आले. माझा धाकटा दीर जागांचे व्यवहार करतो. माणूस वाईट नाही हो, फक्त मोकळी जागा दिसली की त्याला राहवत नाही. एका बिल्डरला आमचा तुकडा हवा होता आणि दिराने तो विषय जेवताना काढला. सासरे भात कालवत होते. हात न थांबवता म्हणाले, "या सालाला त्या जागेतून घरात काय आलं तं ठेवायची. नाय आलं तं मी सही करतू. मग मना कोनी काय इचारू नका."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते एकदा बोलले की ते मोडणं त्यांच्या स्वतःच्याही हातात नसतं. दीर खूश झाला. आमचे हे ताटाकडे बघत राहिले, ते नेहमीच ताटाकडे बघत राहतात. मला मात्र वेगळीच काळजी लागली. सकाळी उठून कुठे जायचं नसलेले निवृत्त लोक मी स्टाफरूममध्ये पाहिलेत, आरशातही पाहत होते. हा माणूस पाचव्या मजल्यावर टीव्हीसमोर बसला तर वर्षभरही काढणार नाही, असं मला स्पष्ट वाटलं.

म्हणून मी अभ्यासाला लागले. कृषी सहायकाला फोन करकरून हैराण केलं. तो पोरगेला मुलगा, मला "मॅडम, मॅडम" करायचा आणि नंतर नंतर फोनच उचलेना. पण मुद्दा मला कळला होता. भात वर पिकतं म्हणून भिजतं. हळद जमिनीच्या पोटात पिकते, तिला दिवाळीचा पाऊस काय करणार? आणि हल्ली उन्हाळ्यात, ऑक्टोबरात जी काहिली होते, तिच्यावर उपाय आपल्याच जागेत उभा आहे. वाटेच्या बाजूला एक थोरला उंबर आणि जांभूळ, मागच्या बाजूला आंबा आणि फणस. त्यांच्यामधल्या वरकस पट्ट्यात, म्हणजे भात होत नाही अशा उंच जागेत, सावलीला हळद लावायची, कडेने सुरण आणि आलं. झाडं ऊन अंगावर घेतील, पाला माती झाकेल. मी घरी वहीत आकृती काढून सासऱ्यांना समजावलं. त्यांनी वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "बरं. खालचं खाचर मात्र माजं. तितं भातच लागंल."

बोलता बोलता ते पुढे म्हणाले, "पन बाय, झारांचं डोकं आधी..."

"बाबा, झाडांना हात लावायचा नाही," मी म्हटलं. "सावली हाच तर सगळा मुद्दा आहे."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मला वाटलं, पटलं.

आता मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. आमच्या सासरच्या मंडळींत, म्हणजे या भागातल्या जुन्या गावकऱ्यांत, हळदीच्या दिवशी मांडवासाठी उंबराची फांदी आणायची असते. नुसती जाऊन तोडून आणली असं नाही. वाजतगाजत जायचं, झाडाची पूजा करायची, फांदी खांद्यावर घ्यायची आणि नाचत नाचत घरी आणायची. पूर्वी गावोगाव उंबर होते. आता कळव्याला उंबर नाही, दिवा गावात तर झाडच शोधावं लागतं, डोंबिवलीत होते ते इमारतींच्या पायात गेले. लग्नं मात्र आहेत तेवढीच, उलट मांडव मोठे झालेत. मग कोणीतरी कोणालातरी सांगतं, अरे, टिटवाळ्याच्या पुढे त्या म्हाताऱ्याचा उंबर आहे ना!

एप्रिल उजाडला आणि माझ्या शेतावर वऱ्हाडं यायला लागली.

पहिल्या वेळी मला गंमत वाटली. टेम्पोवर डीजे, मागे पिवळ्या साड्यांतल्या बायका, पुढे गळ्यात जाड चेन घातलेला नवरीचा मामा. सासरे लगबगीने पुढे झाले, पाण्याचा तांब्या दिला, उंबराखाली काठी टेकून उभे राहिले आणि वर चढलेल्या माणसाला ओरडून सांगायला लागले, "ती नको, ती नको! तिच्या वरची! हां, तीच!" फांदी खाली आली, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, मामाने मला बुंदीचा लाडू दिला. दुसऱ्या वेळी मला लाडू गोड लागला नाही. मेच्या मध्यापर्यंत मी डीजेचा आवाज लांबून ओळखायला लागले, आणि उंबराकडे बघितलं की आरपार आभाळ दिसायला लागलं. एका फांदीवर कोणाचं भागतंय? मांडवाला लागतात म्हणून जांभळीचेही डहाळे न्यायचे. एका घरची हळद म्हणजे माझ्या सावलीचा एक कोपरा गेला.

मी पाटी लावली. 'फांद्या तोडू नयेत.' माझ्या वळणदार मास्तरी अक्षरात. एका वऱ्हाडाने पाटीला हार घातला आणि तिच्यासमोर नवरदेवाचा फोटो काढला.

मग मी कुंपण घातलं. रानडुकरांसाठी लोक जुन्या साड्यांचं कुंपण घालतात, तसं. साड्या कुठल्या? माझ्याच, शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या. प्रत्येक साडी सोडताना जीव तुटला, पण म्हटलं जमीन महत्त्वाची. उंबराला मात्र सासऱ्यांनी कुंपण घालू दिलं नाही. "उंबर कोना एकट्याचा नसतो," म्हणाले, आणि काठी आडवी धरून उभे राहिले. तेव्हा वाटेकडची बाजू मी देवावर सोडली आणि आंबा-फणसाची मागची बाजू साड्यांनी गच्च बांधून घेतली. पुढच्या वऱ्हाडातल्या बायका फांदी विसरून माझ्या कुंपणापाशी जमल्या. "अगं बघ गं, काठ बघ! ही नारायणपेठी आहे ना? कितीला घेतलेली, ताई?" एकीने पदर नीट करून परत गाठ मारली. बाई चांगली होती.

मेच्या शेवटी आम्ही दोन्ही बाजूंना हळद लावली. मी, माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिका आणि भाड्याने आणलेली दोन माणसं. शिक्षिकांनी एका तासात तीन वेळा चहा मागितला. पण लागली हळद, वाफे सरळ पट्टी लावल्यासारखे आले. त्यानंतर चार दिवसांनी मोसमातलं शेवटचं वऱ्हाड आलं आणि उंबराखालच्या माझ्या कोऱ्या वाफ्यांवर नाचायला लागलं.

मी धावत गेले. सासरे नेहमीसारखे काठी उगारून वर बघत होते. "अजून एक घे रे! ती मोठी! उजेड खाली येईल अशी!" माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "बाबा, तुम्हाला जमीन विकायचीच आहे ना? मग सरळ विका की! माझा कशाला घाम काढताय?"

नेमका तेव्हाच डीजेवाल्याने गाणं बदलायला आवाज बंद केला होता. माझा वर्गातला आवाज, मागच्या बाकापर्यंत जाणारा. सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं, झाडावरच्या माणसानेही ऐकलं. सासऱ्यांनी काठी खाली घेतली. हळूहळू चालत वाटेवर गेले आणि रिक्षात जाऊन बसले. परक्या लोकांसमोर, आणि तेही सुनेने. मला तेव्हाच कळलं की मी काय केलं. पण कळणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं.

त्यानंतर ते शेतावर यायचे ते खालच्या खाचरातल्या भातापुरते. माझ्या वाफ्यांवरून मान वळवून जायचे. घरात आमचं बोलणं ह्यांच्यामार्फत चालायचं. "तिला सांग, डालीत मीठ नाय." मी समोरच उभी. "त्यांना सांगा, बीपीच्या गोळ्या घेताय म्हणून घातलं नाही." आमचे हे बिचारे दोन्हीकडे मान फिरवत जेवायचे. एकदा वैतागून म्हणाले, "मी मध्ये माइक ठेवू का?"

पावसाळाभर हळद मात्र काय वाढली! कुंपणाच्या आत, आंबा-फणसाच्या दाट सावलीत पानं माझ्या छातीला लागत होती. गर्द हिरवी, रुंद, केळीसारखी. मी त्यांच्यात उभी राहून फोटो काढले आणि शाळेच्या ग्रुपवर टाकले. मुख्याध्यापिकाबाईंनी तीन टाळ्या पाठवल्या. बाहेर उंबराखालची हळद बुटकी, पानांच्या कडा करपलेल्या. उंबराला पावसात नवी पालवी फुटली होती, पण ऊन गाळून खाली येतच होतं. येणाजाणाऱ्याला मी दोन्ही बाजू दाखवायची. "हे बघा सावली राखली की काय होतं. आणि हे बघा, लाड केले की काय होतं." सासरे खाचरात वाकलेले असायचे, त्यांच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. आज आठवलं की कानशिलं तापतात.

दिवाळीच्या तोंडाशी भात कापून आडवं पडलं, आणि आभाळ भरून आलं. दोन दिवस कोसळला. तिसऱ्या दिवशी सासरे एकटेच गेले आणि परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी मूठ उघडून ओट्यावर ओंबी ठेवली. प्रत्येक दाण्याला पांढरा मोड. पाच महिन्यांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"माजं झालं. आता तुजी हलद."

एवढंच. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. मी गॅस बंद केला आणि उभीच राहिले. म्हणायचं होतं, बाबा, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. म्हटलं काय, तर "चहा ठेवू का?" ते नको म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. त्यानंतर तीन दिवस ते टिटवाळ्याला गेलेच नाहीत. पार्किंगमध्येही उतरले नाहीत. वॉचमनने मला विचारलं, "बाबूजी बीमार है क्या?"

जानेवारीच्या शेवटी हळदीची पानं पिवळी पडून लोळली. म्हणजे काढायची वेळ. एका रविवारी सगळे निघालो. दीर त्याच्या मोठ्या गाडीतून आला, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. म्हणाला, "वहिनी, बघूया. काही निघालं नाही तर आजच उरकून टाकू, बाबांनाही पुन्हा पुन्हा त्रास नको." तो हे मायेनेच बोलला, म्हणून मला आणखी राग आला.

सुरुवात अर्थातच मी माझ्या बाजूने केली. साड्या सोडल्या, पदर खोचला, कुदळ मारली. गड्डा वर आला. मी माती झटकली. आत होतं काय, तर करंगळीएवढी दोन हळकुंडं आणि मुळ्यांचं जंजाळ. म्हटलं, हा एखादा असेल. दुसरा तसाच, तिसरा तसाच. छातीएवढ्या पानांखाली काही नव्हतं. सगळा जीव पानांत गेलेला, उजेड शोधत वर वर. दिराने फोल्डर या काखेतून त्या काखेत घेतलं. आमचे हे जमिनीकडे बघायला लागले, ताट नव्हतं म्हणून. मी बांधावर मटकन बसले. अर्धा एकर गेला, आणि तो मी घालवला, हे मला अगदी लख्ख दिसलं.

सासऱ्यांनी माझ्या हातातली कुदळ घेतली. ते वाटेच्या बाजूला गेले, उंबराखाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दम खात खात तीन घाव घातले, मग वाकून दोन्ही हातांनी गड्डा उपसला. माझ्या पंजाहून मोठा. दुसरा काढला, तोही तसाच, जाड जाड बोटांचा, आत केशरी. तिसऱ्याला त्यांना दोन हात पुरेनात. दीर फोल्डर गाडीच्या टपावर टाकून पळत आला आणि बुटांसकट वाफ्यात उतरला. म्हणाला, "आयला!"

मी उठून गेले. "बाबा, हे कसं काय? ह्याची तर सगळी सावली..."

"सावली पायजे, अंधार नको," ते म्हणाले. मग खाली बसले आणि सांगायला लागले. भाताची रोपं करायच्या आधी राब भाजायचा असतो, म्हणजे झाडांच्या फांद्या छाटून, पसरून, त्या जागेवर जाळायच्या. त्यासाठी बाप-आजापासून ह्या झाडांची डोकी दर साली हलकी व्हायची. खाली जे काही लावाल त्याला चाळणीतून पडल्यासारखं ऊन मिळायचं. हल्ली ते वर चढू शकत नव्हते, माणूस मिळत नव्हता, झाडं माजली होती. वऱ्हाडं आली, त्यांचे तरणे गडी आयतेच वर चढले. सासरे खालून दाखवत गेले, कुठली तोडायची आणि कुठली ठेवायची. नवरीचं काम झालं, आमचंही झालं.

"मग मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सांगत होतू. तू बोलू देशील तं!"

दीर खो खो हसला. हेही हसले. जन्मभर वर्गात चुकलेल्या पोरांना उभं केलं, आज मीच उभी होते, हाताला माती, समोर म्हातारा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत जाईल असं, "बाबा, चुकलं माझं. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही माझी हळद वाढवत होतात आणि मी तुम्हाला चारचौघांत बोलले."

त्यांनी हात झटकला, माशी उडवल्यासारखा. दिराने पाटी भरायला घेतली. पहिली भरली, दुसरी भरली. ती कुठे ठेवायची म्हणून त्याने गाडीची डिकी उघडली, टपावरचं फोल्डर खाली अंथरलं आणि मातीसकट हळद त्याच्यावर ओतली.

सासरे कमरेवर हात ठेवून माझ्या त्या लाडक्या आंब्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "पुडल्या सालाला हा आंबा आदी हलका करायचा. मना चढता येनार नाय. मी खालून सांगन, तू कोनाला तरी वर चढव."

पुढल्या सालाला. पहिल्यांदा भात भिजलं तेव्हापासून हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करू म्हटलं तर "कशाला आता", नवी चप्पल आणू म्हटलं तर "कशाला आता". माझे डोळे भरून आले, पण मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं, आणि अजून निम्मी हळद काढायची होती. मी कुदळ उचलली आणि विचारलं, "बाबा, कुठल्या फांदीपासून सुरुवात करायची?"